रक्तपरीक्षेचा आकडा आणि कामगाराचा हक्क



चालकांनी मला बोलावले तेव्हा मी बोनस, कंत्राटी पद्धत किंवा किमान वेतन यांपैकी एखाद्या विषयावर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. मी रक्तावर बोलतो म्हटल्यावर ते थोडे चमकले. मी डॉक्टर नाही. माझे शिक्षण बेताचे. जे काही कळते ते वाचून, विचारून आणि दवाखान्यांच्या बाकांवर माणसांबरोबर बसून कळलेले आहे. परंतु युनियनच्या कचेरीत पगाराच्या चिठ्ठीबरोबर आता प्रयोगशाळेचे कागदही येतात. पगाराची चिठ्ठी वाचता आली नाही तर कामगार नागवला जातो. रक्ताचा कागद वाचता आला नाही तर त्याहून मोठी हानी होते. म्हणून एचआयव्हीची लागण झालेल्या माणसाच्या रक्तात आजाराची वाटचाल कशी मोजतात, त्या आकड्याचा अर्थ काय, आणि तो आकडा कोणाच्या हाती असावा, या तीन प्रश्नांचा आज विचार करू.

प्रथम एक घोटाळा दूर करू. एचआयव्हीची लागण आहे की नाही हे सांगणारी परीक्षा वेगळी आणि लागण झाल्यावर शरीराची स्थिती काय आहे हे सांगणारी परीक्षा वेगळी. पहिलीचे उत्तर 'आहे' किंवा 'नाही' असे येते. आपल्या देशात ही लागण प्रथम १९८६ साली चेन्नईत उघडकीस आली. ते काम डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या देखरेखीखाली झाले. या बाई मूळच्या गायतोंडे, चेन्नईत वसलेल्या मराठी घराण्यातल्या. त्या काळी 'आहे' एवढे उत्तर मिळाले की जग संपले असे लोक समजत. 'आहे' हे कळल्यावर 'किती' आणि 'कोणत्या दिशेने' हे विचारायचे असते, हे फार थोड्यांना माहीत होते. आजही अनेकांच्या मनात हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत.

आता 'किती' याचा विचार करू. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांतल्या काही पेशी स्वतः फारशा लढत नाहीत. त्या इतर पेशींना कामाला लावतात, शत्रू आला आहे अशी वर्दी देतात. त्यांच्या अंगावर एक विशिष्ट खूण असते, तिला सीडी-४ म्हणतात. एचआयव्हीचा विषाणू नेमकी हीच खूण पकडून पेशीत शिरतो आणि त्या पेशींचा नाश होत जातो. कारखान्यातले मुकादम एकेक करून नाहीसे झाले तर हजर असलेले कामगारही गोंधळतात, तशी शरीराची अवस्था होते. मग जे जंतू निरोगी माणसाच्या वाटेला जात नाहीत, तेही घर करतात.

एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या पेशी घटतात हे विषाणू सापडण्याच्या आधीच दिसले होते. १९८१ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे डॉ. गॉटलिब यांच्याकडे विचित्र न्यूमोनिया झालेले तरुण येऊ लागले. त्यांच्या रक्तात या पेशी जवळजवळ उरल्या नव्हत्या. विषाणू हाती लागला तो पुढे १९८३ साली, पॅरिसमध्ये.

या पेशी मोजतात कशा? दंडातून थोडे रक्त घेतात, ते गोठू नये म्हणून नळीत औषध असते. प्रयोगशाळेत त्या रक्तात असे रंगीत द्रव्य मिसळतात की जे सीडी-४ची खूण असलेल्या पेशीलाच चिकटते. मग यंत्रातून पेशी एकामागून एक अशा रांगेने सोडतात आणि त्यांच्यावर लेसर किरण टाकतात. गेटवर बिल्ला पाहून हजेरी घ्यावी तशी ही हजेरी आहे. एका घन मिलिमीटर रक्तात अशा किती पेशी आहेत, तो आकडा कागदावर येतो. निरोगी प्रौढ माणसात तो साधारण ५०० ते १५०० असतो. औषध न घेतल्यास लागण झालेल्या माणसात तो वर्षाला सरासरी ५० ते १०० ने उतरतो; कोणात हळू, कोणात झपाट्याने. तो २०० च्या खाली गेला की गंभीर आजारांचे दार उघडते: एका विशिष्ट बुरशीचा न्यूमोनिया, आणखी खाली मेंदूच्या आवरणाचा दाह, डोळ्याच्या पडद्याचे विकार. क्षयरोग मात्र आकड्याची वाट पाहत नाही. तो कोणत्याही पायरीवर गाठू शकतो. म्हणून आकडा चांगला आहे या भरवशावर दोन आठवड्यांचा खोकला अंगावर काढू नये.

आता या आकड्याचे दोष ऐका. हा आकडा स्थिर नसतो. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त असा तो एकाच दिवसात हलतो. साधा ताप येऊन गेला, क्षय झाला, स्टिरॉइडसारखे औषध घेतले, तरी तो उतरतो. रक्त वेळेवर प्रयोगशाळेत पोचले नाही, किंवा वेगळ्या यंत्रावर मोजले, तरी फरक पडतो. लहान मुलांत हा आकडा मुळातच मोठा असतो, म्हणून पाच वर्षांखालील मुलांत संख्येऐवजी शेकडा प्रमाण पाहण्याची रीत आहे. आणि इतर मोठ्या दुखण्यांतही या पेशी घटत असल्यामुळे, आकडा कमी म्हणजे एचआयव्ही आहेच असे म्हणणे चूक आहे.

एक कामगार माझ्याकडे दोन कागद घेऊन आला होता. पहिल्यावर ४२०, सात महिन्यांनंतरच्या दुसऱ्यावर ३६५. चेहरा उतरलेला. कोणी तरी त्याला सांगितले होते की ५५ पेशी गेल्या, आता दिवस मोजायला लाग. त्याला घेऊन मी एका डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, या आकड्यात तिसऱ्या हिश्शाच्या आतबाहेर फरक दिसला तर केवळ त्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो. तीन-चार कागद शेजारी ठेवून कल पाहायचा असतो. विजेच्या एका बिलावरून घरखर्चाचे अंदाजपत्रक कोणी करीत नाही, तसेच हे. परंतु गरिबाच्या घरी चार कागद शेजारी ठेवलेले सापडत नाहीत. एक पावसात भिजतो, एक गावी राहतो, एक लपवून ठेवण्याच्या नादात हरवतो. कागद जपून ठेवणे हाही उपचाराचा भाग आहे, हे मी आग्रहाने सांगतो.

सीडी-४ खेरीज आणखी काही द्रव्ये पूर्वी मोजत असत. निओप्टेरिन, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन अशी त्यांची नावे. शरीरात झुंज चालू आहे एवढे ती सांगत. झुंज कोणाशी हे सांगत नसत. विषाणूच्या गाभ्यातले पी-२४ नावाचे प्रथिनही मोजत. ते लागणीच्या आरंभी दिसते, मध्ये लपते आणि अखेरीस पुन्हा दिसते. आजाराची वाटचाल मोजण्याच्या कामातून ही मंडळी आता जवळपास निवृत्त झाली. पी-२४ तेवढे नवी लागण लवकर ओळखण्यासाठी कामावर आहे.

त्यांची जागा घेतली ती विषाणूभाराने, म्हणजे ज्याला दवाखान्यात 'व्हायरल लोड' म्हणतात त्याने. एक मिलिलीटर रक्तद्रवात विषाणूच्या आरएनएच्या किती प्रती आहेत, हे यात मोजतात. या परीक्षेने एक मोठा गैरसमज मोडला. लागण झाल्यावर आठ-दहा वर्षे माणूस धडधाकट दिसतो, तेव्हा विषाणू झोपलेला असतो असे पूर्वी मानीत. १९९५ आणि १९९६ साली डेव्हिड हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की झोप कसली, या काळात शरीरात रोज अब्जावधी विषाणू जन्मतात आणि मरतात. वरून शांत दिसणाऱ्या कारखान्यात रात्रंदिवस तीन पाळ्या चाललेल्या असाव्यात, तसा हा प्रकार.

या दोन आकड्यांचे नाते समजावताना डॉक्टर मंडळी आगगाडीचा दृष्टान्त देतात. आपण रेल्वेकाठची माणसे. आपल्याला तो चटकन समजेल. बदलापूरहून कर्जतकडे एक गाडी निघाली आहे, आणि पुढे भिवपुरीजवळ पूल खचला आहे अशी कल्पना करा. गाडी अजून वांगणीला आहे की नेरळ ओलांडून गेली, म्हणजे संकट किती अंतरावर आहे, हे सीडी-४ सांगते. गाडीचा वेग किती आहे, हे विषाणूभार सांगतो. नुसते अंतर माहीत असून भागत नाही. वांगणीला असलेली भरधाव गाडी, नेरळला असलेल्या संथ गाडीच्या आधी पुलावर पोचेल. औषध हा ब्रेक आहे. पण या दृष्टान्ताला एक पुरवणी जोडली पाहिजे: ब्रेक नीट लागला तर ही गाडी मागेही येते. विषाणू दबला की पेशी पुन्हा वाढतात.

हा वेगाचा सिद्धान्त कसा सिद्ध झाला ते सांगतो. अमेरिकेत १६०४ लागण झालेल्या पुरुषांचे पूर्वी साठवलेले रक्त जॉन मेलर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले आणि १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या रक्तात ३०,००० हून अधिक प्रती होत्या त्यांच्यापैकी ८० टक्के माणसे सहा वर्षांत एड्सच्या अवस्थेला पोचली. ज्यांच्यात ५०० किंवा त्याहून कमी होत्या त्यांच्यापैकी ५.४ टक्केच. हे परिणामकारक औषधे मिळण्यापूर्वीच्या काळाचे चित्र आहे, हे विसरू नका. आज औषध घेणाऱ्याला हे आकडे लागू नाहीत.

औषध सुरू झाल्यावर दोन्ही आकडे वेगवेगळ्या चालीने चालतात. विषाणूभार काही आठवड्यांत कोसळतो आणि नियमित गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांत सहा महिन्यांच्या आत यंत्राला सापडेनासा होतो. पेशी मात्र सावकाश, महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे वाढतात. एका माणसाचा सीडी-४ १८०, पण विषाणू सापडत नाही. दुसऱ्याचा सीडी-४ ६००, पण गोळ्या चालू असून विषाणू ५०,०००. सामान्य माणूस म्हणेल की दुसरा बरा. वस्तुतः पहिल्याला अजून जपायला हवे हे खरे, पण तो चढणीला लागला आहे; दुसरा उतरणीवर आहे आणि त्याला कोणी तरी लवकर हटकले पाहिजे. आपल्या सरकारी कार्यक्रमात भार १००० च्या वर आला की आधी गोळ्या का चुकतात याची विचारपूस करतात, मग पुन्हा तपासतात, आणि तरीही उतरला नाही तर औषध बदलतात. आणि सापडत नाही याचा अर्थ विषाणू गेला असा नाही. तो शरीराच्या कोपऱ्यात दडलेला असतो. गोळ्या सोडल्या की काही आठवड्यांत परत येतो.

आता आपल्या राज्याकडे वळू. पुण्याजवळ भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. अलीकडे तिचे नाव बदलले आहे. देशभरच्या प्रयोगशाळांतील सीडी-४ची मोजणी बरोबर होते की नाही हे पडताळण्याचे काम या संस्थेने केले. मुंबईतल्या सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनी २००१ साली तीन औषधांचा मेळ वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला. तोवर पाश्चात्य कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरांच्या घरात होता. आणि १ एप्रिल २००४ रोजी देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत मोफत औषधे सुरू झाली, त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते.

परंतु त्या वेळी औषध मिळण्यासाठी आकड्याचा उंबरठा होता. आकडा २०० च्या खाली आला तर औषध. वर असेल तर थांबा. औषध थोडे, माणसे फार, म्हणून असा नियम करावा लागला. त्याचा परिणाम असा की माणसे बरी असताना परत जात आणि पडल्यावर येत. काही जण परत आलेच नाहीत. पुढे उंबरठा ३५० झाला, मग ५००. आणि २०१७ साली तो काढूनच टाकला: लागण आढळली की आकडा काहीही असो, औषध सुरू. हा बदल दयेपोटी झालेला नाही, पुराव्यावर झाला आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, पाचशेच्या वर पेशी असतानाच औषध सुरू केलेल्यांना गंभीर आजार निम्म्याहून कमी झाले. त्याआधी २०११ साली दुसरा पुरावा आला. नऊ देशांतील १७६३ जोडपी, प्रत्येकात एकाला लागण आणि दुसरा निरोगी. त्यांत आपल्या पुण्यातील आणि चेन्नईतील जोडपीही होती. लवकर औषध घेणाऱ्यांकडून जोडीदाराला लागण होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटले. पुढील अभ्यासांनी तर असे दाखवले की विषाणूभार सापडत नसेल आणि तसाच टिकून असेल, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. लग्न, संसार, मूल यांविषयी ज्यांच्या मनात वर्षानुवर्षे भीती बसली होती, त्यांच्यासाठी याहून मोठे वर्तमान दुसरे नाही. २०१८ पासून सरकारी केंद्रांत विषाणूभाराची नियमित तपासणीही मोफत होऊ लागली.

मंडळी, येथवर विज्ञानाची बाजू झाली. आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. जो आकडा डॉक्टरच्या हातात औषध ठरतो, तोच मालकाच्या हातात हत्यार होऊ शकतो.

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयात एक खटला गाजला. एका सार्वजनिक महामंडळातला रोजंदारीचा कामगार. कायम करण्याची वेळ आली तेव्हा वैद्यकीय तपासणीत त्याला एचआयव्हीची लागण असल्याचे आढळले आणि त्याचे काम गेले. तो न्यायालयात आला तो 'एमएक्स' या अक्षरांनी. महामंडळाचे नावही 'झेडवाय' असेच नोंदले गेले. न्यायालयाने निर्णय दिला की माणूस काम करण्यास समर्थ असेल आणि सहकाऱ्यांना त्याच्यापासून धोका नसेल, तर केवळ लागण आहे म्हणून त्याला काम नाकारता येणार नाही. कामगार चळवळीच्या इतिहासात या निकालाचे स्थान मोठ्या संपांच्या बरोबरीचे आहे असे मी मानतो. एका माणसाने नाव न सांगता लाखोंसाठी दार उघडले.

तेच तत्त्व पुढे कायद्यात आले. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी नाही. नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही. माहिती गुप्त राखली पाहिजे. कामावरून काढायचे तर स्वतंत्र आणि योग्य वैद्यकीय अधिकाऱ्याचा लेखी अभिप्राय लागतो आणि त्याची प्रत त्या कामगाराला द्यावी लागते. शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. आपल्या कारखान्यात तो कोण आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? उद्या कामावर गेलात की एवढे विचारून पाहा.

सीडी-४चा आकडा हा अंगातल्या बळाचा दाखला नव्हे. २५० आकड्याचा फिटर आठ तास उभा राहून काम करतो आणि ९०० आकड्याचा निरोगी माणूस कंबरदुखीने घरी बसतो. काम होते की नाही हे काम पाहून ठरवावे.

तरी कायदा असून अडते कोठे? अडते ते खाड्यात. सकाळी अंबरनाथ-उल्हासनगरकडे, डोंबिवलीकडे, मुंबईकडे जाणारा आपला माणूस रोजंदारीवर असतो. औषध फुकट, तपासणी फुकट. पण त्या दिवसाची मजुरी बुडते, ती फुकट नसते. सुट्टी मागावी तर कारण विचारतात. कारण सांगावे तर गुपित फुटते. मग तो तपासणी पुढे ढकलतो, आणि वेग मोजणारे यंत्रच बंद पडते. म्हणून युनियनांना माझे सांगणे आहे की वैद्यकीय तपासणीसाठी वर्षातून काही दिवसांची भरपगारी रजा, कारण न विचारता, सर्वांना मिळावी अशी मागणी करारात घाला. ती सर्वांसाठी असली की कोणावर बोट राहत नाही. मधुमेहवाल्याला तिचा उपयोग, बाळंतिणीला उपयोग, आणि ज्याला सांगता येत नाही त्यालाही उपयोग.

आपल्या वांगणीपुरते आणखी एक. या गावात दृष्टिहीन बंधुभगिनींची मोठी वस्ती आहे; गाडीत वस्तू विकून ते स्वाभिमानाने पोट भरतात. आजार कोणताही असो, त्यांना आपला कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. म्हणजे त्यांचे गुपित आधी दुसऱ्याला कळते आणि मग त्यांना. तपासणी केंद्रातल्या समुपदेशकाने आकडा आणि त्याचा अर्थ त्यांना एकांतात, तोंडी, सावकाश सांगणे हे उपकार नाहीत. ते कर्तव्य आहे. आणि वाचता न येणाऱ्या आपल्या आईबापांनाही तेच लागू आहे.

तात्पर्य काय ते थोडक्यात सांगून मी आपली रजा घेतो. एका कागदावरून घाबरू नका, दिशा पाहा. सीडी-४ अंतर सांगतो, विषाणूभार वेग सांगतो. औषध चालू असेल तर दुसऱ्या आकड्याकडे अधिक लक्ष द्या. कागद जपा. शंका असेल तर १०९७ या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते. आणि शेजाऱ्याचा कागद चुकून हाती आला तर तो घडी घालून परत द्या. त्या कागदावरचा आकडा ज्याचा आहे त्याचा आणि त्याच्या डॉक्टरचा. तिसऱ्या कोणाचा त्यावर अधिकार नाही.

 प्रश्न असतील ते आता विचारा. मला येतील त्यांची उत्तरे देईन, उरलेली उद्या डॉक्टरांना विचारून कळवीन.